सुरुवातीचा टक्

आई, तुझ्या आवाजाच्या सुरुवातीला 'टक्' असा एक खटका आहे आणि तो काढून टाकू का, असं आमच्या गटातल्या एका मुलीने मला विचारलं आहे. ती इथली नाही, खूप लांबच्या देशात राहते. तिने तुला पाहिलेलं नाही आणि मलाही नाही. पण हल्ली आमच्या धड्यांची सगळी व्यवस्था तीच बघते. जुने धडे इंटरनेटवरच्या नव्या जागी हलवायचं चाललंय, आणि घर हलवताना झाडलोट होणारच. तिने दुरुस्त केलेली फाईल सोबत पाठवली आहे आणि खाली लिहिलंय की एवढासा खटका गेला तर कुणाला कळणारही नाही. बरेच दिवस झाले, मी तिला उत्तर दिलेलं नाही. त्याऐवजी तुला लिहायला बसले आहे. याचा काही उपयोग नाही हे मला कळतं. तू असतीस तरी हे मी तुला वाचूनच दाखवलं असतं, कारण चौथीनंतर तुझा आणि अक्षरांचा फारसा संबंध उरला नव्हता, आणि मी वाचत असताना तू मधेच कढईत काही परतायला उठून गेली असतीस.

सगळं पहिल्यापासून सांगते, कारण तेव्हा मी तुला ते नीट सांगितलंच नाही. आपण मनवेलपाड्याच्या चाळीत राहायचो त्या दिवसांत मी विरारच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. क्लासने नवी यंत्रं घेतली तेव्हा जुन्यातलं एक मला देऊन टाकलं. तू त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातलास आणि रुमालावर गणपती ठेवलास, मग रोज आधी गणपतीला उचलून ठेवल्याशिवाय मला काम सुरू करता येईना. एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवर मला एक प्रणाली, म्हणजे सॉफ्टवेअर, सापडली. पडद्यावर चौकटी मांडायच्या, त्यांना रेघांनी जोडायचं आणि कॉम्प्युटरकडून हवा तसा आवाज काढून घ्यायचा. ती कुठल्या कंपनीची नव्हती. बनवणाऱ्यांनी ती सगळ्यांसाठी उघडी ठेवली होती: घ्या, आत काय आहे ते बघा, बदला, पुढे द्या. फक्त ती चालवायची कशी, हे लिहिणाऱ्यांनी एकमेकांसाठीच लिहिलं होतं. ज्याला आधीच येतं त्यालाच समजावं असं. कित्येक संध्याकाळी मी त्या पांढऱ्या पडद्याकडे नुसती बघत बसले. शेवटी एकदाचा त्यातून 'टूंऽऽ' असा आवाज निघाला, तेव्हा तू हातात कालथा घेऊन बाहेर आलीस आणि विचारलंस की हा बंद पडला की चालू झाला.

एवढ्याशा 'टूं'साठी दुसऱ्या कुणाला इतकं रडायला लागू नये असं मला वाटलं. सायबर कॅफेत बसून मी त्या प्रणालीच्या लोकांच्या मेलच्या गटात शिरले आणि ज्यांना काहीच येत नाही त्यांच्यासाठी धडे लिहू का, असं विचारलं. लिहा म्हणाले. त्या जगात 'लिहा' म्हणायला कुणाला वेळ लागत नाही, लिहायला मात्र कुणी बसत नाही. मग मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहायची, आणि पाठवण्याआधी त्याचं मराठी करून तुला वाचून दाखवायची. तू पालक निवडत ऐकायचीस. पहिला धडा वाचला तेव्हा तू झोपलीस. खरंच झोपलीस, भिंतीला टेकून, मांडीवर पालकाची जुडी. मी रागावले. तू डोळे चोळत म्हणालीस, एवढं वाचलंस, पन आवाज काय अजून आला नाय. बघितलं तर खरंच, प्रणाली कुणी बनवली, कधी बनवली, कुठल्या यंत्रावर चालते, कुठल्यावर नाही, असं सगळं भरताड आधी घालून आवाज मी शेवटच्या पानावर ठेवला होता. मी धडा उलटा केला. आधी आवाज, मग बाकीच्या गप्पा. पुढे गटात तो नियमच झाला, की नवशिक्याला पहिल्या पानावर काहीतरी ऐकू आलंच पाहिजे. तो कुठून आला ते मी गटाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांना पालक म्हणजे काय हे समजावण्यात वेळ गेला असता.

माइक तूच आणलास. मला काहीतरी बोलायला यंत्र हवंय एवढं तू कुठून तरी ऐकलं होतंस, आणि टिकल्यांच्या पाकिटांचं काम करायचीस त्या गाळ्यातून परत येताना बाजारातल्या लाऊडस्पीकरवाल्याकडे शिरलीस. भजनी मंडळात असतो तसा जाडजूड, जाळीच्या डोक्याचा माइक, लांबलचक वायरसकट. तू तो पिशवीतून काढलास तेव्हा तुझा चेहरा असा होता की मी तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव. कॉम्प्युटरचं भोक केवढं, या माइकची पिन केवढी, आधी विचारायचं तरी, असं मी बरंच काही बोलले. तू म्हणालीस की पिन बदलून मिळत असेल ना, आणि चहा ठेवायला आत गेलीस. पिन बदलून मिळाली. त्या माइकवर मी पुढे जे काही रेकॉर्ड केलं त्याला मागे एक घूंघूं असायची, आणि गटातले लोक फार सौजन्याने विचारायचे की तुमच्या घराजवळ गिरणी आहे का.

आता नळाचं सांगते. तुला ते सांगायची गरज नाही, पण हल्ली कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. चाळीत नळ एकच आणि पाणी कधी येईल ते पाण्यालाच ठाऊक. म्हणून पाळी असायची. ज्या घराची पाळी त्या घरातल्या बाईने नळाशी पाट टाकून बसायचं आणि धार आली की सगळ्यांना हाका मारायच्या. नुसतं 'पाणी आलं' असं ओरडून भागत नसे. प्रत्येक घरातून जो हंडा घेऊन धावणार त्याचं नाव घ्यायचं, मग 'पानी आलं', पुन्हा दुसरं नाव, पुन्हा 'पानी आलं'. आतून ओ आली की पुढचं घर. एखादीने कंटाळून बिननावाची आरोळी ठोकली तर बायका तिला दिवसभर बोल लावायच्या, आम्हाला कुणी सांगितलंच नाही म्हणून. आणि जिची पाळी, तिने आपल्या घरचं नाव सगळ्यांत शेवटी घ्यायचं. तू ते फार कसोशीने पाळायचीस. माझ्या नावाची हाक येईपर्यंत अख्खी चाळ नळावर पोचलेली असायची, आणि त्यावरूनही मी तुझ्याशी भांडायची.

माझं शाळेतलं नाव तू कधी घेतलं नाहीस. बाबा गेल्यावर त्यांनी ठेवलेलं ते लाडाचं नाव घेणारी तू एकटीच उरलीस. दोन अक्षरी, शेवटी ऊ असलेलं. हाक मारताना तो ऊ तू असा लांबवायचीस की तो थेट घराच्या मागच्या मोरीपर्यंत यायचा. ते नाव मी इथे लिहिणार नाही. लिहून ते वाचता येईल, पण त्यात तू नसशील.

त्या रविवारी तुझी पाळी होती. मी घरात माइक लावून बसले होते. नव्या धड्यासाठी एक छोटासा आवाज हवा होता, ज्याच्यावर नवशिक्यांनी हात साफ करावा: तो उलटा वाजवावा, हळू करावा, तुकडे करून पुन्हा जोडावा. पेल्यावर चमचा वाजवून बघत होते. रेकॉर्डिंग चालू होतं आणि दार उघडं होतं. बाहेरून तुझ्या हाका सुरू झाल्या. एकेक घर, एकेक नाव, मधूनमधून ओ, हंड्यांचा खणखणाट. मी चमचा खाली ठेवला. शेवटी तू आपल्या दाराकडे तोंड केलंस आणि मला हाक मारलीस, आणि आवाज असा स्वच्छ आला की मी ओ दिलीच नाही. ओ दिली असती तर रेकॉर्डिंग बिघडलं असतं. श्वास रोखून बसून राहिले. तू वाट बघितलीस, मग ओल्या पायांनी आत आलीस आणि कान फुटले का म्हणून विचारलंस. मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि हंडा उचलून पळाले.

संध्याकाळी मी त्यातून एवढासा तुकडा काढला. फोनच्या लायनीवरून उतरवायची तर फाईल लहान हवी, आणि धड्यात कुणाचं खाजगी नाव नको हा गटाचा नियम होता. तो नियम मीच सुचवला होता. म्हणून चाळीतली सगळी नावं कापली, शेवटचं माझंही कापलं. खरं तर मला ते नाव जगाला ऐकवायची लाजही वाटत होती. क्लासमध्ये पोरं मला मॅडम म्हणायची. उरलं ते फक्त त्यापुढचं 'पानी आलं'. ते तुला ऐकवलं. त्या डब्याएवढ्या दोन स्पीकरांतून तुझा आवाज आला तेव्हा तू पदर तोंडाशी धरलास, जसं कुणी फोटो काढताना धरायचीस. मग मी तुझी संमती मागितली, कारण तोही नियम होता. समजावून सांगितलं, की हा आवाज एकदा ठेवला की तो सगळ्यांचा. कुणीही घ्यावा, कापावा, वाकडा करावा, त्यातून गाणं करावं. तुला विचारायची गरज नाही, मला विचारायची गरज नाही, कुणालाच विचारायची गरज नाही.

"म्हंजे आपल्या नळासारखं," तू म्हणालीस. "पाळी लावायची का?"

मी सांगितलं की पाळी नाही, सगळी दुनिया एकदम भरू शकते, तरी संपत नाही. असा नळ कुठं असतो, म्हणून तू हसलीस आणि घे म्हणालीस, माज्या आवाजाला काय सोनं लागलंय. मी फाईल पुन्हा एकदा वाजवली. या वेळी तू हसली नाहीस. कान देऊन ऐकलंस आणि विचारलंस की तुजं नाव कुठं गेलं. मी म्हटलं, कापलं, लोकांना काय करायचंय माझ्या नावाशी.

"मग पानी कोनाला आलं?"

मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. धड्याला नाव लागत नाही, आवाज लागतो, असं काहीतरी. तूही विषय वाढवला नाहीस, कुकरच्या शिट्ट्या मोजायला गेलीस. मी फाईल पाठवली आणि मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. त्या जुन्या यंत्रात जागाच नसायची, आणि काम झालं की कच्चं रेकॉर्डिंग काढून टाकायचं अशी मला सवय होती. तशी सूचनाही मी धड्यात लिहिली होती, ठळक अक्षरांत.

पुढची दोन-तीन वर्षं मजेची गेली. लोक धडा करायचे आणि आपापला गृहपाठ गटात ठेवायचे. मी ते सीडीवर उतरवून घरी आणायची आणि तुला ऐकवायची. कुणी तुला उलटं म्हणायला लावलं होतं, कुणी इतकं हळू केलं होतं की तू एखाद्या पुरुषासारखी घोगरी झाली होतीस. कुणी तुझेच पुष्कळ आवाज एकावर एक चढवून देवळात बायका आरती म्हणतायत असं काहीतरी केलं होतं. एकाने तुला इतकं पळवलं की नुसती चिवचिव. "ही कोन चिमनी?" तू विचारलंस, आणि तूच आहेस म्हटल्यावर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. शेजारणींना बोलावून ऐकवलंस. त्यातल्या एकीने विचारलं की परदेशात पण पाण्याचे असेच हाल आहेत का. तू फार जाणकारपणे सांगितलंस की नाय, ते शिकतायत.

खटका पहिल्यांदा दाखवून दिला तो एका संगीत शिकवणाऱ्या बाईने. तिने वर्गात आमचे धडे लावले होते. फाईल सुरू होताना 'टक्' होतं आणि मुलं दचकतात, असं तिने लिहिलं होतं. बरोबरच होतं. आवाज म्हणजे सारखी वरखाली होणारी लाट. ती शांत असताना कापली तर कळत नाही, पण वर चढलेली असताना मधेच कापली तर स्पीकरला एकदम धक्का बसतो. नवशिका करतो ती चूक, आणि मी ती नवशिक्यांना शिकवायच्या फाईलमध्ये करून ठेवली होती. या रविवारी दुरुस्त करते, असं मी तिला कळवलं. तो रविवार आला नाही.

तोवर आपण एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. माझं लग्न झालं होतं आणि जावयाच्या घरात राहायचं म्हणून तू महिनाभर कुरकुरलीस. तिथे टाकीचं पाणी, नळ सोडला की धार. कुणी कुणाला हाक मारायची नाही. सुरुवातीला तू प्रत्येक नळ एकदा सोडून बघायचीस, आणि घरातली सगळी भांडी भरून ठेवायचीस. ती रोज रिकामी करायची, यावरून माझा आणि तुझा वाद. मग तुझे पाय सुजायला लागले. तुझी दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं. सकाळी ठरलेलं पाणी एका बाटलीत काढायचं आणि दिवसभर त्यातूनच घोट घोट. हे कुणी गोष्टीत लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, ओढूनताणून आणलंय. पण ते आपल्या घरात होत होतं आणि बाटली माझ्या हातात होती. उन्हाळ्यात तू जिभेवर बर्फाचा खडा ठेवून पडायचीस. एका दुपारी बाटली संपली होती आणि तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "जन्मभर पानी भरलं गं मी. एक घोट दे." मी दिलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, तुला माझं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. आणि मग लक्षात आलं की तुला नळ ऐकू जात असेल.

डॉक्टर म्हणाले, मी बरोबर केलं. सगळेच म्हणाले. तरी तू पावसाळा बघितला नाहीस. तो एक घोट दिला असता तर काय झालं असतं, हे मी अजून रोज पाणी पिताना एकदा तरी मनात आणते. तुला खोटं वाटेल, पण पेला तोंडाला लावताना मला अजून चोरी केल्यासारखं वाटतं.

दिवसकार्य आटोपल्यावर मी तुझा आवाज शोधायला लागले. मला वाटलं होतं, कुठे ना कुठे असेलच. माहेरच्या कुणाच्या तरी लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती, अर्नाळ्याला जाऊन ती मिळवली. त्यात तू आहेस, हिरवी साडी, हातात अक्षता, कुणाशी तरी भरभरून बोलते आहेस. पण कॅसेट करणाऱ्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सनई आणि सिनेमातली गाणी चढवलीयत. तुझे ओठ हलतात आणि भलतीच बाई गाते. बाकी काही नाही. जगात तुझा आवाज उरला होता तो एवढाच, 'पानी आलं', आणि तो माझ्याकडे होता तसाच तो ज्यांना तू कोण हे माहीत नाही अशा सगळ्यांकडे होता. गटात नवे नवे लोक येत होते आणि तुला कापत होते, उलटं करत होते. मी त्यांना कसं सांगणार, जपून. तू घे म्हणाली होतीस. काही महिने मी गृहपाठ ऐकणंच बंद केलं. फक्त धड्यातली ती ठळक सूचना मी बदलली. आता तिथे लिहिलंय की कच्चं रेकॉर्डिंग कधीही पुसू नका. कुणी विचारलं नाही का ते.

मग एका सुट्टीच्या दिवशी, तो खटका दुरुस्त करायचा राहिलाय हे आठवून, मी फाईल उघडली. पडद्यावर आवाज मोठा करून बघितला, अगदी सुरुवातीचा भाग. आधी बारीकशी लाट, कापलेली. मग क्षणभर सपाट रेघ, तू 'पानी'तल्या प साठी ओठ मिटलेस तेवढी. मग प. आणि मला कळलं की ती कापलेली लाट 'पानी'ची नाही. ती त्याच्या आधीची आहे. ती तू लांबवलेल्या त्या ऊची शेपटी आहे. मी कात्री नीट चालवली नव्हती म्हणून माझ्या नावाचा एवढासा कण त्यात राहून गेला होता, पापणी लवावी तेवढा. तो तुकडा मी वेगळा काढला आणि एकापुढे एक जोडत गेले. तुकड्याची पुनरावृत्ती करून स्वर लांबवणे, हा आमचाच धडा आहे, मीच लिहिलाय. वाजवला. ऊऽऽऽ. थोडा यंत्रासारखा, थोडा थरथरता, पण तूच. मोरीपर्यंत यायचीस तीच. मी यंत्र बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले आणि बराच वेळ आत आले नाही.

त्यानंतर ज्याने ज्याने खटक्याची तक्रार केली त्याला मी एकच उत्तर देत आले. तो दोष मुद्दाम ठेवला आहे, आवाज चुकीच्या जागी कापला की काय होतं ते नवशिक्यांना कळावं म्हणून. खरं वाटावं म्हणून त्याच्यावर एक अख्खा धडाही लिहिला. तो लोकांना फार आवडतो. इतकी वर्षं झाली, किती जणांनी त्या 'टक्'वरून आवाज नीट कापायला शिकून घेतलं असेल. एका खोट्यातून एवढं भलं झालेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

पण ही नवी मुलगी हुशार आहे. ती म्हणते, दोष शिकवायचा तर त्याच्यासाठी वेगळी फाईल करू, पहिल्याच धड्यात नवशिक्याला दचकवायचं कशाला. आणि ती बरोबर आहे. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, कदाचित कमी गोडीने. तिने दुरुस्त केलेली फाईल मी ऐकली. छान झालीय. खटका नाही, मागची घूंघूंसुद्धा तिने काढून टाकलीय. तुझा आवाज इतका स्वच्छ मी चाळीतही ऐकला नव्हता. माझ्याकडे जुनी प्रत आहे, ती कुठे जात नाही, मग मी अडून का बसले आहे, असं मी स्वतःला विचारते. पण ऐकताना सारखं वाटतं की त्या स्वच्छ फाईलमध्ये तू कुणालाच हाक मारत नाहीस. बिननावाची आरोळी ठोकलीस, जी तू जन्मात कधी ठोकली नाहीस. आत्तापर्यंत ज्यांनी ज्यांनी तुला ऐकलं, त्यांना माहीत नसेना का, तू आधी मला हाक मारलीस आणि मग त्यांना पाणी आलं.

तरी तिला मी हो म्हणणार आहे. तू तो आवाज दिलास तो असाच दिलास, ज्याला पाहिजे त्याने भरावा म्हणून. पुसणं हेही त्यात आलंच. फक्त आधी तुला विचारावं असं वाटलं. कुणालाच विचारायची गरज नाही असं मीच तुला सांगितलं होतं, आणि बघ, आज मीच विचारते आहे. काढू का गं?

हे कुठे पाठवायचं नाहीच आहे. यंत्रात राहील कुठेतरी. एक मात्र सांगायचं राहिलं. काल दुपारी घरातले सगळे बाहेर गेले होते. मी तो ऊ लावला, दार उघडं ठेवलं, आणि तेव्हा द्यायची राहिलेली ओ मोठ्याने दिली.